पऱ्हाटीवरचा करपा आणि जिवाणूंची काळी-पिवळी

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. एसटीत नेटवर्क जात असेल, इअरफोन घरी राहिला असेल, तर वाचा. जसं बोललो तसंच ठेवलंय, मधले "अं... अं..." तेवढे गाळलेत.

सुरुवात करू सॉसच्या बाटलीपासून. घरात टोमॅटो सॉस किंवा सॅलडवर घालायचं क्रीम असेल, तर मागचं बारीक अक्षरातलं लेबल वाचा. बऱ्याच बाटल्यांवर "झँथन गम" असं लिहिलेलं सापडेल, किंवा नुसता ४१५ हा आकडा. सॉस पाण्यासारखा सांडू नये, घट्टसर पडावा, म्हणून तो घालतात. आइस्क्रीममध्ये असतो, टूथपेस्टमध्येही असतो. हा गम बनवतो एक जिवाणू. त्याचं नाव झँथोमोनास.

आणि आता जरा यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही वावरात चला. राळेगाव घ्या, घाटंजी घ्या, आर्णी घ्या. ऑगस्टचा महिना, चार दिवसांची झड लागलेली, आणि पऱ्हाटीच्या पानांवर काळपट, कोपरे असलेले ठिपके. तेही काम झँथोमोनासचंच. सॉसवाल्या जिवाणूचा हा सख्खा भाऊ म्हणा. सॉस घट्ट करणारा तोच चिकट पदार्थ इथं पानाच्या आत तयार होतो आणि रोग वाढवायला मदत करतो.

आजचा प्रश्न असा आहे: हा जिवाणू पानावर गपचूप बसलेला असतो, मग एका क्षणी हल्ला का करतो? तो क्षण कोण ठरवतं? उत्तर एका जनुकापाशी जातं. आणि ते उत्तर आपल्या फवारणीच्या पंपापर्यंत येऊन पोचतं, म्हणून शेवटपर्यंत थांबा.

आधी रोग ओळखू या

कृषी केंद्रात होणारा हा संवाद तुम्ही कधी ना कधी ऐकला असेल.

"भाऊ, पऱ्हाटीवर ठिपके आले नं बाप्पा. काहीतरी द्या."

"कसे ठिपके आहेत, काका?"

"काळे काळे. द्या नं जोरदार काहीतरी."

आणि मग दोन-तीन बाटल्या एकत्र पिशवीत पडतात. एक अळीची, एक बुरशीची, एक "टॉनिक". ठिपका कशाचा आहे हे कोणी बघतच नाही.

कपाशीवर ठिपके पाडणारे बरेच आहेत. अल्टरनेरिया नावाची बुरशी गोलसर ठिपके पाडते, त्यात वर्तुळात वर्तुळ दिसतं. दहिया रोगात पानाच्या खाली पांढरट भुकटी दिसते, दही शिंपडल्यासारखी. लाल्यात पान लाल होतं. आणि जिवाणूजन्य करप्यात ठिपक्याला कोपरे असतात. का? कारण जिवाणू पानाच्या पेशींमधल्या जागेत पसरतो आणि बारीक शिरा त्याला आडव्या येतात. धुऱ्यापाशी वावर संपतं, तसा शिरेपाशी ठिपका संपतो. म्हणून तो चौकोनी-तिरपा दिसतो.

सुरुवातीला हा ठिपका काळा नसतोच. पान तोडून उन्हाकडे धरलं तर तेलाचा थेंब पडलेल्या कागदासारखा पारदर्शक दिसतो. नंतर तपकिरी, मग काळा. रोग पुढे गेला की शिरा काळ्या पडतात, मग फांदी काळी पडते. इंग्रजी पुस्तकांत या अवस्थेला "काळा हात" अशा अर्थाचं नाव आहे. बोंडावर आला तर बोंड सडतं आणि रुई पिवळी पडते. पिवळ्या रुईला काय भाव मिळतो, हे मी सांगायची गरज नाही.

या जिवाणूचं पूर्ण नाव झँथोमोनास सिट्री पॅथोवार माल्व्हॅसिअरम. "झँथोस" म्हणजे ग्रीकमध्ये पिवळा. प्रयोगशाळेत वाढवला की पिवळ्याधमक, चिकट वसाहती दिसतात, म्हणून ते नाव. लिंबावरचा खैऱ्या आणि डाळिंबावरचा तेल्या हेही याच्या जवळच्या नात्यातले. भातावरचा कडा करपा आणि कोबीवरचा घाण्या रोग हे चुलत घराणं. महाराष्ट्राचा या कुळाशी जुना संबंध आहे. १९४८ मध्ये आंब्यावर रोग पाडणाऱ्या एका झँथोमोनासचं वर्णन पटेल, मोनीझ आणि कुलकर्णी या त्रयीनं केलं. त्यातले पटेल पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले. आजही त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावापुढे या तिघांची नावं लागतात.

एकटा जिवाणू काय करेल?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. हा जिवाणू एका मिलिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा. पावसाच्या थेंबाबरोबर उडतो, पानावर पडतो, आणि पानाला श्वास घ्यायला जी बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं, त्यातून आत शिरतो. वाऱ्यानं पान घासलं, कुठं जखम झाली, तर तिथूनही शिरतो.

आत शिरल्यावर त्याच्याकडे हत्यारं काय काय आहेत? एक, पेशीची भिंत विरघळवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम. दोन, तो चिकट झँथन गम. त्याच्या आवरणात जिवाणू ओलसर राहतात, सुरक्षित राहतात. तीन, एक अतिशय बारीक सुई, जिच्यातून तो झाडाच्या पेशीत स्वतःची प्रथिनं टोचतो.

पण विचार करा. एकट्यानं आत शिरून लगेच विकर सोडलं तर काय होईल? एका जिवाणूचं विकर ते किती? भिंतीला ओरखडाही नीट उमटणार नाही. उलट भिंतीचे तुकडे सुटले की झाडाला कळतं, "कोणीतरी घुसलंय," आणि झाडाची संरक्षण यंत्रणा जागी होते. झाडाला पोलीस नसले तरी पेशी असतात, आणि त्या पेशी गाफील नसतात.

म्हणजे जिवाणूच्या फायद्याचं काय? गप्प राहायचं, वाढायचं, संख्या जमली की सगळ्यांनी एकदम हत्यारं काढायची.

आपल्याकडे काळी-पिवळी जीप असते ना, तसंच हे. पांढरकवड्याच्या स्टँडवर ड्रायव्हर घड्याळ बघत नाही. तो सीटा मोजतो. गाडी भरली की सुटली. चार जण बसलेत तोवर तुम्ही कितीही ओरडा, "चला नं भाऊ!", तो पान खात उभा. जिवाणूंचंही तसंच आहे. फरक इतकाच की त्यांना डोळे नाहीत, मोजायचं कसं?

मोजणीचा जनुक

आता जनुकाचं नाव सांगतो: आरपीएफ-एफ. "आरपीएफ" हे "रोगकारक घटकांचं नियमन" अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचं लघुरूप. हा एकटा जनुक नाही, शेजारी-शेजारी बसलेल्या जनुकांचं टोळकंच आहे. आपल्याला त्यातले तीन पुरेत: आरपीएफ-एफ, आरपीएफ-सी आणि आरपीएफ-जी.

नियामक जनुक म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. जिवाणूकडे चार हजारांहून जास्त जनुकं असतात. त्यातली बरीचशी प्रत्यक्ष काम करणारी: कोणी विकर बनवतं, कोणी गम बनवतं. नियामक जनुक यातलं काहीच बनवत नाही. तो मुकादम असतो. मुकादम स्वतः कापूस वेचत नाही, पण त्यानं सांगितल्याशिवाय वेचणीची टोळी वावरात उतरत नाही. मुकादम गायब झाला तर मजूर गावातच असतात, धट्टेकट्टे असतात, पण काम होत नाही.

हे टोळकं पहिल्यांदा नीट सापडलं ते कोबीच्या घाण्या रोगाच्या जिवाणूत. इंग्लंडमधल्या नॉर्विच इथं माइक डॅनियल्स यांच्या गटानं १९९१ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. त्यांनी जिवाणूतले जनुक एकेक करून मोडले आणि बघितलं, कोणता मोडला की रोग कमी होतो. आरपीएफ टोळक्यातला जनुक मोडला की विकरं कमी, गम कमी आणि पानावरचा रोगही कमी.

यापुढचा प्रयोग मला स्वतःला फार आवडतो, कारण तो समजायला पीएचडी लागत नाही. १९९७ मधला आहे. दुधाची पावडर घातलेली जेली घ्या, पांढरट दिसते. त्यावर साधा जिवाणू वाढवला की त्याचं विकर दुधातलं प्रथिन पचवतं आणि वसाहतीभोवती स्वच्छ, पारदर्शक कडं तयार होतं. आरपीएफ-एफ मोडलेला जिवाणू वाढवला तर कडं येत नाही. पण तोच मोडका जिवाणू साध्या जिवाणूच्या अगदी शेजारी ठेवला, तर त्याच्याभोवतीही कडं यायला लागतं!

म्हणजे काय झालं? मोडक्या जिवाणूकडे विकर बनवायची क्षमता होतीच. त्याला फक्त निरोप मिळत नव्हता. शेजाऱ्याकडून काहीतरी जेलीतून पाझरत आलं आणि त्यानं काम सुरू केलं. त्या "काहीतरी"ला नाव दिलं डीएसएफ, म्हणजे पाझरत जाणारा संदेश-पदार्थ. आरपीएफ-एफ हा जनुक तो पदार्थ बनवणारं विकर तयार करतो.

२००४ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी त्याची रचना शोधली. बारा कार्बनची साखळी असलेलं एक स्निग्धाम्ल, त्याला एक छोटी फांदी. खोबरेल तेलात जे लॉरिक आम्ल असतं ना, तेही बारा कार्बनचंच. म्हणजे जिवाणूंची भाषा तेलाच्या घराण्यातली निघाली.

गाडी सुटते कशी

आता काळी-पिवळीचं गणित पूर्ण करू.

प्रत्येक जिवाणू थोडं थोडं डीएसएफ बाहेर सोडत राहतो. प्रत्येक जण हळूच "मी आहे, मी आहे" म्हणतोय असं समजा. जिवाणू थोडे असले तर हा आवाज विरून जातो. पानाच्या आतल्या चिंचोळ्या जागेत जिवाणू वाढले की डीएसएफ साठतं.

जिवाणूच्या आवरणात आरपीएफ-सी नावाचं प्रथिन बसलेलं असतं. तो कान. पुरेसं डीएसएफ आलं की हा कान आतल्या आरपीएफ-जीला इशारा देतो. आरपीएफ-जीचं काम हँडब्रेक सोडणं. हँडब्रेक कोणता? पेशीच्या आत सायक्लिक डाय-जीएमपी नावाचा एक छोटा रेणू असतो. तो भरपूर असतो तोवर जिवाणू चिकटून, गुपचूप राहतो. आरपीएफ-जी त्या रेणूचे तुकडे करतो. रेणू कमी झाला की सीएलपी नावाचं आणखी एक प्रथिन मोकळं होतं, ते जिवाणूच्या डीएनएवर जाऊन बसतं आणि विकरांचे, गमचे जनुक चालू करतं.

प्रवासी भरले, ड्रायव्हरनं ऐकलं, हँडब्रेक सुटला, गाडी निघाली. आणि एक गाडी नाही, स्टँडवरच्या सगळ्या गाड्या एकदम.

याची एक कसोटीही आहे. कान मोडला, म्हणजे आरपीएफ-सी मोडला, तर काय होतं? जिवाणू डीएसएफ बनवत राहतो, उलट नेहमीपेक्षा खूप जास्त बनवतो, पण स्वतः काही ऐकत नाही. विकरं येत नाहीत. बोलणं आणि ऐकणं हे दोन वेगळे जनुक सांभाळतात, हे यावरून पक्कं झालं.

आपल्या देशातही यावर चांगलं काम झालंय. हैदराबादच्या सीसीएमबीत सुभदीप चटर्जी आणि रमेश सोंटी यांनी २००२ मध्ये भाताच्या कडा करप्याच्या जिवाणूत आरपीएफ-एफ मोडून बघितला. रोग कमी झालाच, पण कारण जरा वेगळं दिसलं. लोह कमी असलेल्या ठिकाणी तो मोडका जिवाणू नीट वाढतच नव्हता. म्हणजे मुकादम तोच, पण कोबीच्या पानात तो मुख्यतः विकर आणि गमची टोळी हलवतो, तर भाताच्या पानात लोह मिळवायच्या कामावरही त्याचं लक्ष असतं.

सुई आणि साखरेची तोटी

तिसऱ्या हत्याराकडे येऊ, ती बारीक सुई. तिचे मुकादम वेगळे: एचआरपी-जी आणि एचआरपी-एक्स. जिवाणू झाडाच्या आत आलाय हे कळलं की एचआरपी-जी एचआरपी-एक्सला उठवतो, आणि तो सुई बांधायचे जनुक चालू करतो. हे मोडले तर सुईच बनत नाही आणि झँथोमोनास जवळजवळ निरुपद्रवी होतो.

या सुईतून कपाशीच्या पेशीत जे टोचलं जातं, त्यातलं एक प्रथिन आहे एव्हीआर-बी-६. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हे प्रथिन थेट कपाशीच्या पेशीच्या केंद्रकात जातं आणि कपाशीचा स्वतःचा एक जनुक चालू करतं. तो जनुक साखर पेशीबाहेर सोडणाऱ्या तोटीचा. तोटी उघडली, साखर बाहेर आली, जिवाणूंची पंगत बसली. सुरुवातीला जो तेलकट, पाणी भरल्यासारखा ठिपका दिसतो, त्याच्यामागे या तोटीचाही हात आहे.

विचार करा, जिवाणू घरात घुसून आपल्याच हातानं आपल्याच धान्याच्या कोठीचं कुलूप उघडून घेतोय.

एक उलटी गोष्ट

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, सोपं आहे! आरपीएफ-एफ बंद पाडा, रोग संपला.

मग कॅलिफोर्नियाच्या द्राक्षबागांत चला. तिथं झायलेला नावाचा जिवाणू द्राक्षवेली वाळवतो. तो झँथोमोनासचाच नातेवाईक, त्याच्याकडेही आरपीएफ-एफ आहे, तोही अशाच प्रकारचा संदेश बनवतो. २००४ मध्ये तिथल्या संशोधकांनी त्याचा आरपीएफ-एफ मोडला. रोग कमी व्हायला हवा होता. झाला उलट जास्त!

कारण झायलेलाचं जगणं वेगळं. तो वेलीच्या पाण्याच्या नळ्यांत राहतो आणि एका रस शोषणाऱ्या किड्याच्या तोंडातून दुसऱ्या वेलीवर जातो. गर्दी झाली की डीएसएफ त्याला सांगतं, "आता पुढं पळू नका, चिकटून बसा." चिकटलेला जिवाणू किड्याच्या तोंडात टिकतो. हा संदेशच गेला तर जिवाणू नळीतून पुढे पुढे पसरत राहतो, नळ्या तुंबतात आणि वेल लवकर वाळते. गंमत म्हणजे तो किड्यावाटे मग नीट पसरतही नाही. पुढे तर द्राक्षवेलीतच आरपीएफ-एफ घालून, वेलीलाच डीएसएफ बनवायला लावून, रोग कमी करून दाखवला गेला.

एकच जनुक. कोबीवर तो हल्ल्याचा बिगुल, द्राक्षावर तो ब्रेक. म्हणून "रोगाचा जनुक सापडला!" अशी हेडलाइन आली की जरा थांबायचं. जनुक रोगासाठी बनलेला नसतो. जिवाणूला जगायचं असतं, आणि नियामक जनुक तो जिथं राहतो तिथल्या जगण्याचा हिशोब ठेवतो. आपल्याला रोग दिसतो, तो त्या हिशोबाचा परिणाम.

आपल्या पंपाशी याचा काय संबंध?

आता खरं बोलू. यवतमाळमध्ये फवारणी हा शब्द साधा राहिलेला नाही. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो जण दवाखान्यात होते. ती फवारणी मुख्यतः किडींसाठी होती, करप्यासाठी नव्हती. पण त्यातून शिकायचं ते सगळ्यालाच लागू आहे: पाठीवरचा प्रत्येक पंप ही जोखीम आहे, म्हणून विनाकारण एकही पंप नको.

आणि करप्याच्या बाबतीत विनाकारण फवारणी खूप होते. कीटकनाशक जिवाणूवर काम करत नाही. कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक जिवाणूवर काम करत नाही. तांब्याचं औषध, म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड, काही प्रमाणात करतं, पण ते पानाच्या वर राहतं. आत शिरलेल्या जिवाणूपर्यंत पोचत नाही. म्हणजे ते रोखण्यासाठी, बरं करण्यासाठी नाही.

उरलं प्रतिजैविक. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनचं मिश्रण आपल्याकडे वर्षानुवर्षं तांब्यासोबत वापरलं गेलं. अडचण अशी की ही माणसांची औषधं आहेत. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं पहिलं प्रभावी प्रतिजैविक. वावरात ते शिंपडत राहिलो की त्याला न जुमानणारे जिवाणू उरतात, वाढतात, आणि हा गुण जिवाणू एकमेकांना देतातही. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयानं या मिश्रणाचा शेतीतला वापर टप्प्याटप्प्यानं बंद करण्याचा मसुदा काढला.

इथं आपला मुकादम कामाला येतो. प्रतिजैविक जिवाणूला मारतं. मेला नाही तो वाचतो आणि त्याचीच पिलावळ पुढे वाढते. पण जिवाणूला न मारता त्याचं बोलणंच बिघडवलं तर? तो राहील पानावर, पण गाडी भरलीच नाही असं समजून बसून राहील. जिवाणूचा जीव वाचलेला असल्यामुळे चुकवायची घाईही कमी, असा यामागचा विचार आहे.

हे नुसतं स्वप्न नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या गटानं, आणि त्यात आपले सुभदीप चटर्जीही होते, डीएसएफ खाऊन टाकणारे दुसरे जिवाणू शोधले. असे जिवाणू झाडात सोबत सोडले तर कोबीवर घाण्या रोग कमी झाला. द्राक्षावरही झायलेलाचा त्रास कमी झाला. आता तुम्ही म्हणाल, द्राक्षावर तर डीएसएफ गेलं की रोग वाढायला हवा! बरोबर पकडलंत. यातून एवढंच कळतं की संदेश किती, कुठं आणि कधी, याला महत्त्व आहे. त्यात गोंधळ घातला की जिवाणूचा हिशोब चुकतो. म्हणून एका पिकावरचं उत्तर उचलून दुसऱ्या पिकावर लावता येत नाही, प्रत्येक ठिकाणी तपासावं लागतं. आणि हो, आज दुकानात जाऊन "डीएसएफ बंद करायची बाटली द्या" असं म्हणता येत नाही. हे अजून प्रयोगशाळेतून बाहेर पडायच्या वाटेवर आहे.

मग आज काय करायचं?

गाडी भरूच द्यायची नाही. सगळा खेळ संख्येचा आहे, हे आता आपल्याला माहीत आहे. मग प्रत्येक उपाय संख्या कमी करण्याचा.

पहिलं, सरकी. हा जिवाणू बियाण्यावरून येतो, बियाण्यावरच्या बारीक तंतूंत लपतो. म्हणूनच आम्लाची प्रक्रिया करून तंतू काढलेलं बियाणं लावतात.

दुसरं, जुन्या पऱ्हाट्या आणि पालापाचोळा. वाळलेल्या अवशेषांत हा जिवाणू पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. वेचणी संपली की वावर साफ करा. गुलाबी बोंडअळीसाठीही हेच सांगतात, म्हणजे एका कामात दोन फायदे.

तिसरं, ओल्या पऱ्हाटीत शिरू नका. पानं ओली असताना डवरणी केली, निंदण केलं, तर आपलेच कपडे आणि हात जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. ऊन पडू द्या, मग उतरा.

चौथं, युरिया जपून. नत्र जास्त झालं की झाड लुसलुशीत आणि दाट होतं, आत ओल टिकते, जिवाणूचं फावतं.

पाचवं, वाण. देशी कपाशी, जिला आपले आजोबा गावरान म्हणायचे, ती या रोगाला बरीचशी दाद देत नाही. आज बहुतेक वावरांत असलेली अमेरिकन कपाशी जास्त बळी पडते. पण तिच्यातही प्रतिकार आणता येतो. सुदानमध्ये नाइट नावाच्या शास्त्रज्ञानं गेल्या शतकातच कपाशीतले प्रतिकाराचे जनुक शोधून काढले होते, त्यांना "बी" जनुक म्हणतात. बियाणं घेताना बोंडअळीबद्दल विचारता तसं करप्याबद्दलही विचारा.

आणि सहावं, तुमच्या हातातला मोबाइल. ठिपका दिसला की पान उन्हाकडे धरून फोटो काढा. मग ठिपक्याची कड येईल असा पानाचा तुकडा ब्लेडनं कापा आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टाका. चार-पाच मिनिटं हलवू नका. कापलेल्या कडेतून दुधाळ धूर निघाल्यासारखी रेघ पाण्यात उतरताना दिसली, तर ते जिवाणू आहेत. लाखोंच्या संख्येनं. बुरशीत असं होत नाही. त्याचाही व्हिडिओ काढा आणि गावच्या कृषी सहायकाला किंवा यवतमाळच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. औषध घ्यायचं की नाही, घेतलं तर कोणतं आणि किती, ते त्यांना विचारा, दुकानाच्या काउंटरवर नको.

घरात कोणी म्हणेल, "हे पोट्टं मोबाइलमध्येच असते दिवसभर." म्हणू द्या. एक वायफळ फवारणी वाचली तर पैसे वाचतात, आणि ज्याच्या पाठीवर पंप असतो त्याच्या अंगावर एक दिवस कमी विष उडतं. ते पाठ कोणाची असते, बाबांची की मजुराची, हे आपल्याला माहीत आहे.

ग्लासातल्या त्या दुधाळ रेघेचे व्हिडिओ पाठवा, तालुक्याच्या नावासह. चांगले व्हिडिओ पुढच्या भागात दाखवू. पुढच्या वेळी बोलू या लाल्यावर: तो रोग आहे की झाडाची उपासमार? तोवर ऐकत राहा, वाचत राहा. भेटू!